शिकागोचे नवे टॉवर: नुसती काच आणि उंची?

लूपवाला:
गेल्या शनिवारी आईबाबांना शिकागो नदीत बोटीची फेरी घडवली. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त. काचेचे टॉवर एकामागून एक सरकत होते, बाबा मात्र पुलांचे रिव्हेट बघत बसले. नंतर हॅनकॉक सेंटरपाशी गेलो तर मान वर करून थबकलेच. "अरे, कैची बाहेरच ठेवलीय की!"

माझा मुद्दा हाच. १९६९ची ही १०० मजली इमारत. मूळ ढाक्याकडचे अभियंते फझलूर खान यांनी वाऱ्याचा जोर बाहेरच्या तिरप्या पोलादी फुल्यांवर घेतला, म्हणून दर चौरस मीटरला एम्पायर स्टेटपेक्षा बरंच कमी पोलाद लागलं. १९७४चा सीअर्स टॉवर (आताचा विलिस) म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. दोन नळ्या ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्या, तीन ९०व्या, उरलेल्या दोन माथ्यापर्यंत. हिशेब रस्त्यावरून दिसतो. नव्या इमारतींत काय दिसतं? समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब. स्पायर आठवा. ६१० मीटरचा पिळदार मनोरा होणार होता, २००८च्या मंदीत काम थांबलं आणि कित्येक वर्षं मिशिगन तळ्याकाठी नुसता गोल खड्डा. हाव दुसरं काय!

खांबतुळई:
अजिबात सहमत नाही. आणि हाव आज आली होय? १८८५ची होम इन्शुरन्स बिल्डिंग, लोखंडी-पोलादी सांगाड्यावर उभी राहिलेली, गगनचुंबी इमारतींची आद्य म्हणतात ती. तीसुद्धा जागेचे जास्त पैसे व्हावेत म्हणूनच चढवली. १९३१मध्ये त्याच कारणासाठी पाडली. तेव्हा कुणी उसासे टाकले नाहीत.

सेंट रेजिस या नव्या टॉवरकडे नीट बघा. ३६३ मीटर, रचना जीन गँग यांची. ८३वा मजला चक्क मोकळा सोडलाय, वारा आरपार जावा म्हणून. म्हणजे १०१ मजल्यांतला एक विकायचाच नाही! हा हिशेब नाही तर काय? फुल्या दिसल्या तरच अभियांत्रिकी, हे काही पटलं नाही. मोनॅडनॉक या इथल्या जुन्या इमारतीच्या तळाशी विटांची भिंत सहा फूट जाड आहे. तीही "दिसते"च. म्हणून आज कुणी तसं बांधेल?

तळ्याकाठची:
दोघेही वरच बघताय. मी वसंतात आणि शरदात पहाटे फुटपाथवर मेलेले पक्षी गोळा करते. कागदी पिशवीवर तारीख आणि जागा लिहायची, आत पक्षी. मुठीत मावतो, कधी कधी अजून कोमट असतो. स्थलांतराचा मार्ग मिशिगन तळ्याच्या काठाने जातो. ऑक्टोबर २०२३मध्ये मकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन-केंद्राच्या एकाच इमारतीवर एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी आपटून मेले. मला तुमच्या फुल्या आणि नळ्या सारख्याच. काच किती आणि रात्री दिवे किती, एवढंच विचारा.

खांबतुळई:
ताई, वाईट झालंच, पण ती इमारत बुटकी आहे हो! टॉवरच्या माथी कशाला मारता?

तळ्याकाठची:
मी उंचीवर कुठे बोलले? काचेवर बोलले. २०२४मध्ये तिथे काचेवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणारे पक्षी एकदम कमी झाले. इमारत तीच, उंची तीच. नवा टॉवर बांधतानाच तशी काच बसवायला कोणाचा हात धरलाय?

चव्वेचाळिसावा मजला:
आम्ही अशाच एका टॉवरमध्ये भाड्याने राहतो. नाव घेत नाही. वारा सुटला की कमोडमधलं पाणी डुचमळतं आणि कपाट रात्रभर कुरकुरतं. सासूबाई पहिल्या रात्री "भूकंप, भूकंप" करत उठल्या होत्या. पण जानेवारीत तळं गोठतं आणि त्यावर सूर्य उगवतो, तेव्हा सगळं माफ. खाली फुटपाथवर "वरून बर्फ पडेल, जपा" अशा पाट्या असतात, त्या मात्र कुणी माफ करू नयेत.

लूपवाला:
पक्ष्यांचं मान्य. विटांच्या भिंतीचा टोलाही बसला. तरी हॅनकॉकसमोर बाबा थांबले आणि नव्या टॉवरसमोर नाही, हे खोटं कसं म्हणू? काल त्यांना हा धागा वाचून दाखवला. ८३व्या मजल्याशी आल्यावर चष्मा काढून म्हणाले, "मोकळा ठेवला ते ठीक. पण मग पावसाचं पाणी कुठे काढलंय?" खांबतुळई, आता तुम्हीच सांगा. ते उद्या परत विचारणार आहेत.