युरोपात शिकून परत आलेल्यांनो, तुमचं पण असं झालं का?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. मुलगी पुढच्या महिन्यात इटलीला एमएसला निघालीय, घरात सध्या वजनकाटा आणि चटणीच्या पुड्या हा एकच विषय. त्यात परवा मित्राकडं जेवायला टांझानियाचे एक फादर भेटले. मित्राचा पुतण्या पण फादर, दोघं रोमला एकत्र शिकलेले, म्हणून हे कोल्हापूर बघायला आलेले. गाव बुकोबाकडं, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला, सगळीकडं केळी आणि कॉफी. रोमला उर्बानियाना विद्यापीठात 8 वर्षं काढली. 1627 पासून परमुलखातल्या फादर लोकांना शिकवणारी ही जागा. त्यांच्याच भागातले रुगाम्ब्वा तिथं शिकून 1960 ला कार्डिनल झाले (पोपच्या खालोखालचं पद), आधुनिक काळातले पहिले आफ्रिकन, त्यामुळं ह्यांना पाठवताना गावाला वाटलं आता हा पण होणार :)

त्यांच्याकडं पाहुणा आला की कॉफीची उकडून वाळवलेली फळं चघळायला देतात, आपलं पान-सुपारी असतं तसं. आणि रोममध्ये पहिल्याच आठवड्यात कॅफेवाल्यानं त्यांना कॉफी शिकवली, उभं राहून, दोन घोटात, आणि सकाळ सरल्यावर दुधाची मागायची नाही. म्हणाले मी मान हलवत ऐकून घेतलं, पुढं आठ वर्षं ऐकूनच घेतलं, माणसं चांगली होती पण सगळे सांगायचे, विचारायचं कुणीच नाही.

खरी गंमत परत गेल्यावर. गावात पहिल्या रविवारी आपल्या हाया भाषेत प्रवचन दिलं, जेवताना आईनं विचारलं, बाळा, बोललास ते कळलं, पण मोजत का होतास? हे बोटांवर पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा करत होते, त्यांना स्वतःला पत्ताच नाही. हे सांगताना त्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवली आणि बोटं परत तशीच धरून दाखवली.

मला तेव्हापासून काय सुचंना. हे सगळ्यांचंच होतं का? पोरीला काय सांगू?

राजारामपुरी १०वी गल्ली:
होतं काका. मी स्टुटगार्टला साडेपाच वर्षं होते, रूममेट मला हळदीच्या दुधाचे फायदे सांगायची. परत आल्यावर मैत्रिणींना चारला रंकाळ्यावर या म्हटलं आणि मी चारलाच जाऊन बसले, सव्वापाचपर्यंत एकटी, कणीस खात आणि रागानं धुमसत. बाबा अजून पाहुणे म्हणून हाक मारतात. पण एक फरक आहे, मी कर्ज काढून माझ्या मर्जीनं गेले. फादरना त्यांचे वरिष्ठ, म्हणजे बिशप पाठवणार, विषय बहुतेक वेळा तेच ठरवणार, परत पण तेच बोलावणार. माझ्यासारखं चिडून दुसरी नोकरी बघता येत नाही त्यांना.

पेठेतला:
भावा स्पष्ट बोलतो, राग नको. फुकटात आठ वर्षं रोम आणि तक्रार काय तर कॉफीवाला शिकवतोय? गावात गेल्यावर हेच फादर लोकांना सांगत असणार की. माइकवर उभा राहिलेला माणूस कुठं विचारतोय मर्दा.

राजारामपुरी १०वी गल्ली:
@पेठेतला तेच तर त्यांच्या आईनं पकडलं ना

जुना राजवाडा:
काका, पोरगी फ्लॉरेन्सच्या जवळपास असेल तर तिला काशिने बागेत जायला सांगा. आपल्या कोल्हापूर गादीचे राजाराम महाराज 1870 ला युरोप बघायला गेले, परतताना 30 नोव्हेंबरला तिथंच वारले, वय 20. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं, तिथल्या सरकारनं खास परवानगी दिली म्हणून. त्याच जागेवर छत्री आहे, आत रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या पुलाला पण त्यांच्यावरून इंडियानो नाव. प्रवासाची डायरी 1872 ला छापली गेली, ती इंग्रजीत. घरी येऊन मराठीत काय सांगितलं असतं कुणास ठाऊक, घरी आलेच नाहीत.

रंकाळाकाठ:
सगळ्यांचे आभार. जुना राजवाडा, तुमचं मित्राकरवी फादरना कळवलं. आज उत्तर आलं, त्या पुलावरून ते दोनदा बसनं गेलेत. इंडियानो म्हणजे कुणी अमेरिकेतला इंडियन असेल असं वाटलं, म्हणे बरोबर एक इटालियन मित्र होता, त्याला विचारायचं पण सुचलं नाही.

पेठेतला, हे तुमच्यासाठी.

बॅग अजून दोन किलो जास्त भरतेय, चटणी काढायची का पुस्तकं यावर आमच्या हिचं आणि पोरीचं बोलणं बंद आहे.