मदत हवी आहे : गुप्तहेर मालिकेतल्या चुकांची यादी, कोणती चूक धरायची आणि कोणती सोडायची?

शोधयात्री :
एका जुन्या गुप्तहेर मालिकेतल्या चुकांची भागवार यादी करते आहे. खुनी कोण ते फुटू नये म्हणून मालिकेचं नाव देत नाही. एकाच भागातल्या या शंका आहेत. चौकशीच्या प्रसंगात संशयितासमोरच्या ग्लासात पाणी अर्धं असतं, मग काठोकाठ, मग पुन्हा अर्धं. गुप्तहेराच्या डाव्या भुवईवरची जखम एका शॉटपुरती उजवीकडे जाते. खून रिव्हॉल्वरने झाल्याचं सांगतात, पण जमिनीवर झाडलेल्या गोळ्यांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या सापडतात. प्रेत हातापायांसकट ताठ झालेलं आहे आणि डॉक्टर म्हणतात, मृत्यू होऊन दोन तास झाले. खंडणीचा फोन कुठून आला ते शोधायला पोलीस "अजून तीस सेकंद बोलत ठेवा" असं खुणावतात. शेवटी मध्यरात्री डोक्यावर बारीक चंद्रकोर.

शिवाय माझ्याकडच्या दोन प्रतींमध्ये वेळा जुळत नाहीत. एक ५० मिनिटांची आहे, दुसरी ४८ची, आणि कापलेलं काहीच दिसत नाही. नोंदीत कोणती वेळ द्यावी? जाणकारांनी मदत करावी.

कातरी :
ग्लास ही सलगतेची चूक आहे, बिनधास्त नोंदवा. असा प्रसंग एका कोनातून पूर्ण चित्रित करतात, मग कॅमेरा हलवून दुसऱ्या कोनातून पुन्हा. दर टेकला नट एकदोन घोट घेतो आणि मध्ये कुणीतरी ग्लास भरतं. संकलक टेक निवडतो तो अभिनय बघून, पाण्याची पातळी बघून नव्हे. मेणबत्तीची उंची, सिगारेटची लांबी आणि भिंतीवरचं घड्याळ याच कारणाने फसतात. त्या प्रसंगात मागे घड्याळ असेल तर काटे जरूर बघा.

जखम मात्र लगेच मेकअपच्या खात्यावर टाकू नका. तो शॉट आडवा उलटवलेला असण्याची शक्यता जास्त. दोन माणसं बोलत असताना एक डावीकडून उजवीकडे बघतो, दुसरा उजवीकडून डावीकडे. कॅमेरा त्या दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडून गेला असेल तर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. मग संकलनात एक शॉट आरशासारखा उलटवून नजर जुळवतात. तपासायला फ्रेम उतरवून घ्या आणि आडवी उलटवा. त्यानंतर केसांचा भांग, मनगटी घड्याळाचा हात, शर्टाचा छातीवरचा खिसा आणि मागची अक्षरं बघा. चारही गोष्टी जागेवर आल्या तर शॉट उलटवलेला आहे. जखम जागेवर आली, पण या चार गोष्टी चुकीच्या बाजूला गेल्या तर मेकअपची चूक.

वेळांचं कोडं सोपं आहे. फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित केलेली मालिका काही देशांत प्रसारणासाठी २५ने चालवायचे. ५० गुणिले २४ भागिले २५, बरोबर ४८ मिनिटं. म्हणून नोंदीत वेळेबरोबर त्या क्षणाचं वाक्यही द्या, म्हणजे कुठल्याही प्रतीत जागा सापडेल. फ्रेम-फ्रेम पुढे जायला व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबा.

अजून एक. मूळ ४:३ चौकटीतली मालिका नव्याने रुंद करून काढली असेल, तर कडेला माइक किंवा दिव्याचा स्टँड डोकावतो. मूळ प्रसारणात तो भाग दिसतच नव्हता. अशी नोंद वेगळ्या सदरात टाका, दिग्दर्शकावर अन्याय नको.

पंचनामा :
प्रेताची चूक पक्की आहे. ताठरपणा साधारण २ ते ४ तासांत जबडा आणि मानेत जाणवायला लागतो. सगळं शरीर ताठायला १२ तासांच्या आसपास लागतात, आणि दीड दिवसाच्या सुमारास ते सैल पडू लागतं. उष्णतेत किंवा मरण्याआधी खूप झटापट झाली असेल तर हे लवकर होतं, थंडीत उशिरा. त्यामुळे नोंदीत खोलीचं तापमान आणि झटापट यांचा उल्लेख हवा, नाहीतर कुणीतरी तोच बचाव पुढे करेल.

त्याच फ्रेममध्ये प्रेताचा रंगही बघा. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला साचतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. ते अर्ध्या ते दोन तासांत दिसू लागतात आणि ८ ते १२ तासांत पक्के होतात. पालथ्या पडलेल्या प्रेताच्या पाठीवर पक्के डाग असतील तर ते नंतर हलवलेलं आहे. काही मालिका हाच धागा मुद्दाम पेरतात, म्हणून शेवटच्या उलगड्यात त्याचा उल्लेख येतो का ते बघून मगच चूक म्हणा.

रिव्हॉल्वर झाडल्यावर रिकामी पुंगळी आतल्या गोल चक्रातच राहते, चक्र उघडून ओतेपर्यंत. पिस्तूल मात्र प्रत्येक गोळीबरोबर पुंगळी बाहेर फेकतं. खुन्याने तिथेच उभं राहून पुन्हा गोळ्या भरल्याचं कथेत नसेल, तर जमिनीवर तीन पुंगळ्या येणारच नाहीत.

शोधयात्री :
आभार! शॉट उलटवून बघितला, भांग आणि घड्याळ दोन्ही जागेवर आले, म्हणजे मेकअप निर्दोष. पण पुंगळ्यांचा प्रश्न मोठा आहे. खुनी कुठे उभा होता हे गुप्तहेर त्यांच्या जागेवरूनच ठरवतो. शस्त्र फक्त एकदा, कपाटातून काढताना दिसतं.

पंचनामा :
मग त्याच फ्रेमवर थांबा. मुठीच्या वर, नळीच्या मागे फुगीर गोल चक्र दिसतंय की वरचा भाग सपाट, सरळ आहे? सपाट असेल तर ते पिस्तूल. म्हणजे पुंगळ्या बरोबर आणि 'रिव्हॉल्वर' हा शब्द चुकीचा. तो मूळ संवादात आहे की फक्त उपशीर्षकात, हे ऐकून ठरवा. भाषांतरात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि तसं असेल तर चूक मालिकेची नाहीच.

चक्र दिसलं तर मात्र ही यादीतली सगळ्यात गंभीर नोंद. ग्लासातल्या पाण्याने कथेचं काही बिघडत नाही. इथे अख्खा तर्कच असू न शकणाऱ्या पुराव्यावर उभा राहतो. गुप्तहेर मालिका प्रेक्षकाला बारकाईने बघायला सांगते, तेव्हा तिने पुरावा तरी खरा द्यायला हवा. पिस्तूल निघालं तरी एक बघा : बहुतेक पिस्तुलं पुंगळी उजवीकडे, थोडी मागे फेकतात, आणि टणक फरशीवर ती उडून भलतीकडे घरंगळते. त्यावरून अंदाज बांधता येतो. गुप्तहेर खडूने एक ठिपका काढून "इथेच" म्हणत असेल तर ती अतिशयोक्ती म्हणून नोंदवा.

तिथीनिश्चय :
चंद्र चुकलाच आहे. बारीक कोर सूर्याच्या जवळच असते. शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि थोड्या वेळात मावळते. वद्य त्रयोदशीची पहाटे पूर्वेला उगवते. मध्यरात्री डोक्यावर असतो तो पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र. मध्यरात्रीच्या सुमारास उगवताना दाखवायचा असेल तर वद्य अष्टमीचा अर्धा. संवादात 'मध्यरात्र' म्हटलंय का, की तुम्ही अंधारावरून धरलंय, तेवढं तपासा.

फोनचं उत्तर कथेच्या काळावर आहे. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये कर्मचारी जोडणी एकेक टप्पा मागे शोधत जायचे. फोन ठेवला की जोडणी सुटायची, म्हणून बोलत ठेवणं खरंच गरजेचं होतं. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमध्ये कॉल लागतानाच क्रमांकाची नोंद होते, मग तो पाच सेकंदांचा का असेना. गोल डायलचा फोन दिसत असेल तर संशयाचा फायदा द्या. हातात मोबाइल असेल तर सरळ चूक.

शोधयात्री :
गोल डायल आहे, म्हणून फोन यादीतून वगळते. 'मध्यरात्र' संवादातच आहे, म्हणून चंद्र ठेवते. कपाटाच्या फ्रेममध्ये चक्र स्पष्ट दिसतंय आणि मूळ संवादातही 'रिव्हॉल्वर'च आहे. पुंगळ्यांची नोंद सगळ्यात वर टाकते आहे.