शाळेतून आल्यावर झोपणारी पोरं, तुमचे अनुभव सांगा

काल माळा आवरताना लेकीचा पहिलीतला बूट सापडला, एकच, आणि सगळं आठवलं. शाळेतून आली की दारातच फतकल मारून बसायची, एक बूट काढायची आणि दुसऱ्याची नाडी हातात धरूनच झोपायची, दप्तर पाठीवर तसंच. मी उचलून गादीवर ठेवायचे आणि दमलंय लेकरू म्हणून सहापर्यंत झोपू द्यायचे. मग रात्री साडेअकरापर्यंत डोळे टक्क उघडे, मी रागवायचे, ती रडायची, सकाळी उठवताना परत रडारड. कितीतरी महिने मी तिला हट्टी समजत होते, आजही वाईट वाटतं. डॉक्टरांनी विचारलं झोप किती होते तेव्हा पहिल्यांदा मोजली, रात्रीची जेमतेम साडेसात तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून ९ ते १२ तास लागते. दुपारची एकदम बंद नाही केली, अर्ध्या तासावर आणली, चारच्या आत उठवायचं. रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. महिनाभर गेला त्यात. तुमच्याकडे काय झालं?

—

सेम!! पण ताई अर्ध्या तासात उठवता कसं, आमचा उठवलं की भोकाड पसरतो, वीस मिनिटं कुणाला जवळ येऊ देत नाही

—

गाढ झोपेतून उठवलं की होतं तसं. पडदा सरकवायचा, पाठीवर हात फिरवत बसायचं, बोलायचं नाही. माझ्या सासूबाई तळपाय चोळायच्या, त्यांनी उठवलेला कधी रडला नाही

—

मी बाबा. आमचा सहा वर्षांचा, सातनंतर सोफ्यावरून नुसत्या उड्या, आम्हाला वाटायचं अजून दम आहे, खेळवा अजून. उलट होतं. आपण दमलो की गप्प होतो, ही पोरं दमली की अंगात आल्यासारखी करतात. आता साडेआठला अंथरुणात, त्याआधी तासभर मोबाईल टीव्ही बंद आणि मोठा दिवा पण बंद. पहिले चार दिवस फार रडला, मलाही नको वाटत होतं

—

आमचं वेगळंच. दहा तास झोपून पण वर्गात पेंगायचा, बाई वहीत लिहून पाठवायच्या. घोरायचा, आम्ही कौतुकाने म्हणायचो आजोबांवर गेलाय. नाकामागच्या गाठी, अ‍ॅडेनॉइड्स, वाढलेल्या निघाल्या, श्वास अडकून झोप सारखी मोडत होती. ऑपरेशननंतर सूज उतरली आणि एका रात्री खोलीत आवाजच नाही, मी तीनदा उठून नाकाखाली बोट धरून बघितलं. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर दाखवाच प्लीज

—

वाचून पोटात कालवलं गं. आता कसा आहे?

—

मस्त! दुपारी झोपतच नाही, सायकल घेऊन पळतो

—

आमची रात्री झोपल्यावर दीड-दोन तासांनी किंचाळत उठून बसायची, डोळे उघडे पण ओळखायची नाही. मी गदागदा हलवायचे, ते चुकलंच. नुसतं पडणार नाही एवढं बघायचं, आपोआप झोपतात, सकाळी काही आठवत पण नाही. झोप कमी झालेल्या दिवशी हमखास व्हायचं

—

विषय सोडून विचारते, दोघं एका गादीवर लाथा मारतात, बंक बेड घ्यावा का? धाकटी पाच वर्षांची, तिला वरच पाहिजे

—

६ वर्षांच्या आतल्यांना वर नको. कठडा नीट असून आमचा वरून पडला होता, हनुवटीला टाके

—

बापरे. मग थांबते वर्षभर

—

सगळे म्हणता लवकर झोपवा, पटतं, पण मी घरी येते आठला. ती दुपारी दोन तास झोपते म्हणूनच मला रात्री भेटते. साडेआठला झोपवली तर आमचं बोलणं कधी होणार

—

अगं मीही त्यातूनच गेलेय. आम्ही सकाळी वीस मिनिटं लवकर उठवायला लागलो, दोघी एका पांघरुणात, ती शाळेतलं सगळं तेव्हा सांगायची. रात्री दहाला पेंगत जे सांगायची त्यापेक्षा कितीतरी जास्त

—

बघते करून. आत्ता उठलीये ती, हाका मारतेय, रात्री लिहिते