फायरफॉक्सचा मेनूबार नाहीसा झाला आहे आणि परत आणला तरी टिकत नाही : मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकावर फायरफॉक्सचा मेनूबार दिसेनासा झाला आहे. विंडोच्या सर्वांत वर फाईल, एडिट, व्ह्यू, हिस्टरी, बुकमार्क्स, टूल्स, हेल्प अशा शब्दांची जी आडवी पट्टी असते, तिच्याविषयी मी विचारत आहे. आता त्या जागी थेट टॅबची रांग आहे, तिच्याखाली ॲड्रेस बार आहे आणि उजव्या टोकाला तीन आडव्या रेघांचे बटण आहे. संगणकावर विंडोज १० असून फायरफॉक्स इंग्रजीतून वापरला जातो.

ही पट्टी नसल्यामुळे नेमके काय अडते ते सविस्तर सांगतो, कारण तीन रेघांच्या बटणात सगळे असते, हे उत्तर मला आधीच मिळाले आहे आणि त्याने आमचे काम भागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या वाचकांमध्ये ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत. बातम्यांची संकेतस्थळे वाचताना त्यांना अक्षर मोठे लागते. पण कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून सगळे पानच मोठे केले, की चित्रे आणि जाहिराती फुगतात आणि काही संकेतस्थळांवर एक ओळ पूर्ण वाचण्यासाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसावे लागते. म्हणून आम्ही व्ह्यू मेनूतील झूममध्ये जाऊन ‘झूम टेक्स्ट ओन्ली’ या पर्यायावर खूण करून देतो. त्यानंतर फक्त मजकूर वाढतो आणि चित्रे आहेत त्याच मापाची राहतात. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे ज्यांना बारीक टंकात ओळखू येत नाहीत, त्यांना या सोयीचा फार आधार आहे. मात्र तेच वाचक पुढे एखाद्या दैनिकाचा ई-पेपर उघडतात तेव्हा ही खूण काढावी लागते, कारण ई-पेपरचे पान बहुधा छापील पानाचे चित्रच असते आणि खूण तशीच राहिली तर कितीही कळा दाबल्या तरी ते चित्र मोठे होत नाही. म्हणजे ही खूण रोज अनेकदा करावी आणि काढावी लागते, आणि वाचकांना तिचा मार्ग शब्दांनी पाठ झालेला आहे. तीन रेघांच्या मेनूत पान लहानमोठे करण्याची बटणे आहेत, पण केवळ मजकूर मोठा करण्याचा हा पर्याय तिथे मला सापडला नाही. फाईल मेनूतील ‘वर्क ऑफलाइन’ आणि व्ह्यू मेनूतील ‘पेज स्टाइल’ यांचेही तसेच आहे.

आता अडचणीचे स्वरूप सांगतो. ऑल्ट ही कळ दाबून सोडली की पट्टी दिसते, पण पानावर कुठेही क्लिक केले की ती पुन्हा जाते. व्ह्यू, टूलबार्स या क्रमाने जाऊन ‘मेनू बार’ या नावावर खूण केली, तर पट्टी फायरफॉक्स बंद करेपर्यंत व्यवस्थित राहते. परंतु पुन्हा उघडल्यावर ती नसते आणि ती खूणही पुसलेली असते. अलीकडे या संगणकाची हार्ड डिस्क बदलण्यात आली आणि जुन्या डिस्कवरचा सर्व मजकूर नव्या डिस्कवर उतरवून घेण्यात आला. त्याचा याच्याशी संबंध असेल का, हे कोणी सांगू शकेल का? वाचकांचे बुकमार्क न गमावता ही पट्टी कायमची कशी ठेवता येईल, हा मुख्य प्रश्न आहे.

पहिला प्रतिसाद

नमस्कार. आपला प्रश्न दोन पदरी आहे: पट्टी लपलेली असणे ही एक गोष्ट आणि ती दाखवण्याची सूचना फायरफॉक्सच्या लक्षात न राहणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीत बिघाड काहीही नाही. इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीने २००६ मध्ये ही पट्टी लपवून ठेवायला सुरुवात केली, २००८ मध्ये आलेल्या क्रोममध्ये विंडोजवर ती मुळातच नव्हती, आणि मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीनेही विंडोज ७ वर ती लपवून तिच्याऐवजी डाव्या कोपऱ्यात एक नारिंगी बटण दिले. ते बटण एप्रिल २०१४ मध्ये एकोणतिसाव्या आवृत्तीबरोबर गेले आणि उजवीकडच्या तीन रेघा आल्या. फरक एवढाच, की फायरफॉक्सने विंडोजवर जुनी पट्टी काढून टाकलेली नाही, केवळ झाकून ठेवली आहे. त्यामुळे नव्याने तयार झालेल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याचे बुकमार्क आणि निवडी जिथे साठतात त्या फोल्डरात, ती दिसत नाही, हे अपेक्षितच आहे.

पट्टी दाखवण्याचा आपण वापरलेला मार्ग बरोबर आहे. ज्यांना ऑल्टची कळ जमत नाही, त्यांनी टॅबच्या रांगेतील मोकळ्या जागेवर उजवे क्लिक करावे आणि उघडणाऱ्या यादीत ‘मेनू बार’ निवडावे. टॅब फार झाल्यामुळे मोकळी जागाच उरली नसेल, तर पान पुन्हा आणण्याच्या गोल बाणावर उजवे क्लिक केले तरी ती यादी मिळते. प्रत्यक्ष टॅबवर किंवा ॲड्रेस बारमध्ये उजवे क्लिक केल्यास मात्र वेगळीच यादी येते आणि अनेकांचा गोंधळ तिथेच होतो. तिसरा मार्ग तीन रेघांच्या मेनूतून ‘मोअर टूल्स’ आणि ‘कस्टमाइझ टूलबार’ असा आहे. त्या पानाच्या तळाशी ‘टूलबार्स’ नावाचे बटण असते. टॅब आणि ॲड्रेस बारसुद्धा दिसत नसतील, तर मेनूबारच्या मागे न लागता आधी एफ११ दाबून पाहावे, कारण ती पूर्ण पडद्याची अवस्था असते.

आपल्या दुसऱ्या अडचणीसाठी आणखी दोन गोष्टी कळायला हव्यात. फायरफॉक्सची विंडो थोडी लहान करून बंद केली आणि पुन्हा उघडली, तर ती त्याच मापाची उघडते का? आणि सेटिंग्जमध्ये होमपेज बदलले, तर तो बदल पुढच्या वेळी टिकतो का?

धागाकर्त्याचे उत्तर

आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही गोष्टी तपासल्या. होमपेजचा बदल टिकतो, आणि नव्याने जतन केलेले बुकमार्कही राहतात. विंडोचे माप मात्र राहत नाही. ती दर वेळी आधीच्याच मापाची उघडते. या दोहोंचा परस्परसंबंध असेल, असे मला वाटले नव्हते.

पहिला प्रतिसाद देणाऱ्यांचे पुढील उत्तर

संबंध आहे, आणि त्यावरून दोष कुठे आहे हे बऱ्यापैकी निश्चित होते. सार्वजनिक संगणकांवर पुष्कळदा असा प्रोग्रॅम बसवलेला असतो, की संगणक पुन्हा सुरू होताच सर्व काही मूळ स्थितीत येते. तसे असते तर होमपेजही टिकले नसते, म्हणून ती शक्यता मी सोडून देतो. होमपेजसारख्या निवडी फायरफॉक्स एका फाईलमध्ये ठेवतो, बुकमार्क आणि हिस्टरी दुसऱ्या फाईलमध्ये ठेवतो, आणि मेनूबार दिसतो की लपलेला आहे, विंडोचे माप किती आहे, ती पडद्यावर कुठे आहे, अशी बाह्य मांडणीची माहिती तिसऱ्याच एका छोट्या फाईलमध्ये ठेवतो. या तिसऱ्या फाईलचे नाव एक्सयूएलस्टोअर असे असून तिचा प्रत्यय, म्हणजे नावात टिंबानंतर येणारा भाग, जेसन आहे. आपल्या संगणकावर पहिल्या दोन फाईलींत लिहिता येत आहे आणि तिसरीत लिहिता येत नाही, किंवा ती फाईल खराब झालेली आहे. डिस्कवरून डिस्कवर मजकूर उतरवताना एखाद्या फाईलवर ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही) ही खूण लागून राहणे अगदी शक्य आहे.

उपाय असा. तीन रेघांच्या मेनूतून ‘हेल्प’ आणि ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ येथे जावे. उघडलेल्या पानावर ‘प्रोफाइल फोल्डर’ या ओळीपुढे ‘ओपन फोल्डर’ असे बटण असते. ते दाबल्यावर प्रोफाइलचा फोल्डर विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत उघडेल. तो तसाच उघडा ठेवून फायरफॉक्सच्या सर्व विंडो बंद कराव्यात आणि थोडे थांबावे, कारण बंद होताना फायरफॉक्स काही फाईली लिहीत असतो. त्यानंतर एक्सयूएलस्टोअर ही फाईल शोधावी. विंडोज सहसा प्रत्यय दाखवत नाही, त्यामुळे केवळ नावच दिसले तरी फाईल तीच समजावी. उजवे क्लिक करून तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण असेल तर ती काढावी आणि मग फाईलचे नाव बदलून शेवटी ‘जुनी’ अशा अर्थाचा एखादा शब्द जोडावा. फाईल कायमची काढून टाकण्यापेक्षा नाव बदलणे मी पसंत करतो, कारण गरज पडल्यास मागे फिरता येते. फायरफॉक्स पुन्हा सुरू केला की त्या नावाची नवी फाईल तो स्वतःच तयार करील. बुकमार्क, जतन केलेले पासवर्ड आणि हिस्टरी यांना यात धक्का लागत नाही. ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हे बटण इतक्या लवकर वापरू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. बुकमार्क आणि पासवर्ड त्यातही राहतात, पण सर्व एक्स्टेन्शन, म्हणजे वरून बसवलेले जोडप्रोग्रॅम, आणि बहुतेक निवडी जातात, आणि एका छोट्या फाईलसाठी एवढी उलथापालथ करण्याचे कारण नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तर पुरेसे आहे; मराठीत टंकलेखन करणाऱ्यांसाठी एक भर घालतो. विंडोजवर इंग्रजी आणि मराठी कळफलकांमध्ये अदलाबदल करण्यासाठी अनेकजण डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र वापरतात. बोटे किंचित मागेपुढे झाली की फायरफॉक्सला केवळ ऑल्ट दाबल्याचे कळते आणि लपलेला मेनूबार मध्येच वर येऊन लिहिण्याची जागा खाली सरकते. याचा त्रास होतो म्हणून काहीजण अबाउट:कॉन्फिग या फायरफॉक्सच्या आतील निवडींच्या पानावर जाऊन ऑल्टने मेनू दाखवण्याची सोयच बंद करतात. तसे कोणी केलेले असेल, तर ऑल्ट दाबूनही काहीच घडत नाही आणि मेनूबार कायमचा गेला, असा समज होतो. या धाग्यात ऑल्ट चालते आहे, त्यामुळे इथे ते कारण नाही. पण हीच अडचण घेऊन येणाऱ्या इतरांनी ते तपासून पाहावे. विंडोज १० वर कळफलक बदलण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेसबार यांची जोडी वापरता येते, तिने हा प्रश्न उद्भवत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. एक्सयूएलस्टोअरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण खरोखरच होती. ती काढून नाव बदलले, फायरफॉक्स सुरू केला, मेनूबारवर खूण केली आणि संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला. पट्टी जागेवर आहे, आणि विंडोचे मापही आता लक्षात राहते. बुकमार्क सर्व सुरक्षित आहेत.

आता एक शंका उरते. हा संगणक अनेकजण वापरतात आणि उजवे क्लिक करताना कोणाच्याही हातून ती खूण पुन्हा निघू शकते. मेनूबार कोणालाही लपवता येणार नाही, अशी व्यवस्था करता येते का? त्यासाठी एखादे एक्स्टेन्शन बसवावे लागेल का?

तिसरा प्रतिसाद

एक्स्टेन्शन बसवू नये. फायरफॉक्सचे बाह्य रूप बदलणारी जुनी एक्स्टेन्शन नोव्हेंबर २०१७ मधील सत्तावन्नाव्या आवृत्तीपासून चालत नाहीत, आणि हे काम फायरफॉक्समध्ये अंगभूत असलेल्या धोरणांच्या सोयीने अधिक खात्रीने होते. कार्यालये आणि शाळांमधील संगणकांसाठी ही सोय केलेली आहे. वाचनालयालाही ती तंतोतंत लागू पडते.

फायरफॉक्स ज्या फोल्डरात बसवलेला आहे, म्हणजे बहुधा सी ड्राइव्हवरील प्रोग्रॅम फाइल्समधील मोझिला फायरफॉक्स या फोल्डरात, ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाचा नवा फोल्डर करावा आणि त्यात ‘पॉलिसीज’ नावाची, जेसन प्रत्ययाची फाईल ठेवावी. ही नावे रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहावीत, आणि संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या खात्यातून हे काम करावे. फाईलमध्ये ‘पॉलिसीज’ या शब्दाच्या पोटात ‘डिस्प्ले मेनू बार’ हे धोरण लिहायचे असते. त्याचे तिन्ही शब्द मध्ये जागा न सोडता जोडून, प्रत्येकाचे आद्याक्षर मोठे ठेवून लिहावेत आणि त्याची किंमत ‘ऑल्वेज’ अशी द्यावी. अवतरणचिन्हे सरळ हवीत. वर्ड प्रोसेसरमधील वाकडी अवतरणचिन्हे चालत नाहीत, म्हणून नोटपॅडच वापरावे. जतन करताना फाईलचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडावा, नाहीतर नोटपॅड शेवटी टीएक्सटी हा प्रत्यय जोडतो आणि फायरफॉक्सला ती फाईल ओळखता येत नाही. बहुतेकांचे काम नेमके इथेच अडते.

‘ऑल्वेज’ऐवजी ‘डिफॉल्ट-ऑन’ अशी किंमत दिली, तर पट्टी सुरुवातीला दिसते पण वापरणाऱ्याला ती लपवता येते. आपल्या गरजेला ‘ऑल्वेज’च योग्य आहे. फायरफॉक्स पुन्हा उघडल्यावर अबाउट:पॉलिसीज या पानावर हे धोरण लागू झालेले दिसले पाहिजे. त्याचबरोबर सेटिंग्जच्या पानावर आपला ब्राउझर आपल्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे, अशा अर्थाची ओळ दिसू लागेल. कोणी वाचक घाबरून विचारू लागला, तर ती याच फाईलमुळे आलेली आहे, हे सांगता येईल.

आणखी एक. मजकूरच मोठा करण्याची खूण सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ या भागात ‘झूम’ या शीर्षकाखालीही असते, आणि तिथेच सर्व संकेतस्थळांसाठी मूळ झूम किती टक्के असावा हेही ठरवता येते. ती खूण एका टॅबपुरती नसून सगळ्या फायरफॉक्सला लागू होते, हे मदत करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

धागाकर्त्याचे उत्तर

धोरणाची फाईल तयार करून ठेवली. प्रत्ययाविषयीची सूचना फार उपयोगी पडली. अबाउट:पॉलिसीजमध्ये धोरण दिसत आहे आणि उजव्या क्लिकच्या यादीतून पट्टी लपवता येत नाही, याची खात्री करून घेतली. मूळ झूम १२० टक्के ठेवला आहे. त्यामुळे बऱ्याच वाचकांना बातम्यांच्या संकेतस्थळांवर वेगळे काही करावे लागत नाही, आणि ज्यांना त्याहून मोठे अक्षर हवे असते, ते आता स्वतःच व्ह्यू मेनू उघडून खूण करून घेतात. ई-पेपर वाचण्यापूर्वी ती खूण काढावी, अशी सूचना मराठीत छापून संगणकाशेजारी लावली आहे.