प्रश्न बचतीच्या सवयीचा नाही

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांना म्हातारपणी पैशाची चणचण भासते याचे कारण त्यांच्या बचतीच्या सवयीत आहे, असे काही जण म्हणतात. ते मला मुळीच पटत नाही. म्हातारपणी पेन्शन देणाऱ्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून घरकामगार आणि शेतमजूर वगळले गेले, आणि त्या काळी दक्षिणेत नोकरी करणाऱ्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया नेमक्या याच दोन कामांत होत्या. किमान वेतनाचे संरक्षण तर घरकामगारांना थेट १९७४ मध्ये मिळाले. त्यांनी शिल्लक टाकायची कशातून?

अशाच एक घरकामगार, नवव्या वर्षापासून लोकांच्या घरी काम करणाऱ्या डोरोथी बोल्डेन यांनी अटलांटात बसमधून कामावर निघालेल्या बायकांशी बोलून बोलून १९६८ मध्ये घरकामगारांची संघटना उभी केली, आणि सभासदत्वासाठी एक डॉलर वर्गणीबरोबरच (हे मला फार मोलाचे वाटते) मतदार नोंदणीची अट घातली.