आधी खर्च, मग अनुदान

‘युरोपीय संघाचा सदस्य व्हायच्या आधीच संघाचा पैसा येतोय, म्हणजे अल्बानियातल्या छोट्या शेतकऱ्याची चंगळ’ असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पैसा येतो, पण ‘इपार्ड’ या, सदस्य होऊ पाहणाऱ्या देशांच्या शेती आणि ग्रामीण भागासाठी असलेल्या संघाच्या योजनेत गोठा असो की शीतगृह, ते आधी स्वतःच्या खिशातून उभं करायचं, बिलं जोडायची, तपासणी होऊ द्यायची आणि मग खर्चाचा ठरावीक हिस्सा परत मिळवायचा. आपल्याकडे ठिबकच्या अनुदानाची वाट पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बरं, कर्ज काढावं तर तारण काय ठेवणार? कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९१ च्या ७५०१ क्रमांकाच्या कायद्याने सहकारी शेतांची जमीन माणशी मोजून कुटुंबांना वाटली. त्यामुळे सरासरी शेत जेमतेम सव्वा हेक्टर, तेही एका जागी नाही. एक तुकडा ओढ्याकाठी, दुसरा पार टेकडीपल्याड. मालकीच्या कागदांचा घोळ वेगळाच. मग अर्ज टिकतो कुणाचा? ज्याच्या गाठीला आधीच पैसा आहे आणि फाईल बनवून देणारा सल्लागार ज्याला परवडतो, त्याचा. त्यात २०२३ मध्ये गैरव्यवहाराच्या संशयावरून युरोपीय आयोगाने अल्बानियाचा हा निधीच रोखून धरला होता.