चीनशी करार नाही, मग चिनी बेदाणा आला कुठून?

येरळाकाठ (तासगाव)
दोन एकर सोनाका, सगळा बेदाण्याला. चार किलो द्राक्षं सुकवावीत तेव्हा कुठं किलोभर बेदाणा हातात येतो. परवा शीतगृहातला माल विकायला काढला, तर अडत्यानं आधी मोबाईलवर चिनी मालाचा फोटो दाखवला आणि मग दर बोलला. नुसत्या फोटोनं भाव पाडला राव! २०१९ च्या नोव्हेंबरात भारत आरसेपमधून (चीनसह आशियातल्या बऱ्याच देशांचा मुक्त व्यापार करार) बाहेर पडला तेव्हा पारावर पेढे वाटले होते आम्ही. (पैसे माझेच गेले.) आजही गावात कुणालाही विचारा, चीनशी मुक्त व्यापार म्हटलं की ‘नको’ म्हणणार. पण करार नसताना माल येतोय, तर आमच्या ‘नको’ला किंमत काय?

कुपवाडची_लेथ
काका, माझं ‘हो’ लिहून घ्या. बेअरिंग, इन्सर्ट, कंट्रोलरची कार्डं, सगळं तिकडचं. शुल्क घटलं तर माझी मजुरी परवडेल. तुमच्या द्राक्षावरच्या कितीतरी औषधांचं टेक्निकलही (म्हणजे मूळ रसायन) चीनचंच असतं, ते कधी नको म्हणालात? करार नसतानाच २०२४-२५ ला आपली चीनबरोबरची तूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात गेली. हां, माझ्या शेजारचा गाळेवाला स्वतः पार्ट बनवून विकतो, त्याची टक्कर चिनी पार्टशी. त्याला विचाराल तर तो तुमच्याच बाजूचा.

मणेराजुरी_ते_मेलबर्न
इथं २०१५ ला चीनशी करार झाला. चिनी कामगार येतील म्हणून युनियनवाले विरोधात, वाईनवाले खूश. २०१९ ला वाईनवरचं शुल्क शून्य झालं, लोकांनी लाल द्राक्षाच्या बागा वाढवल्या. मग कोरोना कुठून आला याची चौकशी करा असं ऑस्ट्रेलियानं म्हटलं, संबंध बिघडले आणि चीननं वाईनवर २१८ टक्क्यांपर्यंत शुल्क ठोकलं. करार कागदावर तसाच! ते उठायला २०२४ चा मार्च उजाडला, तोवर कित्येकांनी वेली उपटल्या. बाग उभी करायला किती वर्षं जातात हे तुम्हाला मी काय सांगू.

हळदगल्ली
येरळाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या करारात आहे. साफ्तात (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार) आपल्यासोबत नेपाळ आणि अफगाणिस्तान आहेत, तिथल्या मालाला शुल्कात सवलत मिळते. चिनी बेदाणा त्यांच्या नावावर आत येतो, अशीच तर बागायतदारांची तक्रार आहे. चीनला ‘नको’ म्हणून हे थांबत नाही. मूळ देशाचा दाखला सीमेवर कोण, किती बारकाईनं तपासतो त्यावर आहे सगळं. निवेदन द्यायचं तर त्यावर द्या.

येरळाकाठ (तासगाव)
हे पटलं. लेथवाल्या, टेक्निकलचं बोललास ते लागलं, पण खरं आहे. निवेदन लिहायला घेतो. आणि पुढच्या सौद्याला अडत्याला सांगणार, फोटो नको, चिनी पेटी आणून फोड. सौद्यात पेटी फोडून माल उधळून दाखवतात, त्या उधळणीत माझा बेदाणा दरवेळी जातोच, जरा त्याचाही सांडू दे.